पाचातला एक लिटर

१७ ऑक्टोबर २०२१, रविवार

दसरा झाला, सोयाबीनची पोती उचलायला सुरुवात झाली. ऑगस्टमध्ये दहा हजारांवर गेलेलं सोयाबीन आता पाच हजारांच्या आत-बाहेर करतंय. ज्यानं वाट पाहिली त्याचं नुकसान, आणि पावसानं ज्याच्या शेंगा काळ्या पडल्या त्याचं तर बोलायलाच नको. अशा वेळी पोत्यामागे भाडं वाढवून मागणं माझ्यानं होत नाही. समोरचा माणूस गावचाच असतो.

पण डिझेल शंभरीला टेकलं आहे. आमची पिकअप २०१३ची, बीएस-३ इंजिनची. भरली असली की लिटरला बारा किलोमीटर देते, त्याहून जास्त नाही. जोडमोह्याहून यवतमाळच्या बाजार समितीपर्यंत एक खेप, तिथं काट्यावर रांग, मग रिकामी परत. परतीच्या रिकाम्या खेपेचं डिझेल कोणीच देत नाही.

रात्री शेजारचे काका म्हणाले, "पांढरकवड्याकडं हायवेवर बायोडिझेल भेटते म्हन्ते. अठ्ठ्याहत्तर रुपये. तुले कायले शंभराचं टाका लागते?"

बावीस रुपयांचा फरक. आठवड्याची टाकी पाहिली तर घरातला किराणा निघतो एवढा. मला हे इंधन नुसतं स्वस्त म्हणून नको आहे. बी पेरणाऱ्या, तेल गाळणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं गाडीसाठी समुद्रापारचं तेल विकत घेत राहावं, हे मला कधीच पटलेलं नाही. मिळत असेल तर घ्यायचं, पण काय आहे ते पाहून.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

करंजीपर्यंत एक भाडं होतं. माल उतरवून राष्ट्रीय महामार्ग ४४ला लागलो. नागपूरहून हैदराबादला जाणारा हा रस्ता, रात्रंदिवस ट्रक. काकांनी सांगितलेल्या खुणेवर एक ढाबा, ढाब्यामागे टिनाचं शेड, शेडमध्ये चाकांवरची टाकी आणि तिला जोडलेला पंप. फलक नाही, कंपनीचं नाव नाही. दोन ट्रक भरून निघाले, तिसरा लागला.

तिथल्या पोराला विचारलं, हे कशाचं बनवता? "बायोडिझेल हाय भाऊ." कशापासून? "तेलापासून." कोणत्या तेलापासून? तो हसला. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर लिटर आणि रुपये लिहून दिले, वर नाव नाही, नंबर नाही.

टाकीत काहीच घेतलं नाही. रिकाम्या बाटलीत एक लिटर घेतलं, पैसे दिले.

येताना डोक्यात एकच हिशेब चालू होता. सोयाबीनचं रिफाइन्ड तेल किराणा दुकानात दीडशेच्या आसपास आहे. सरकीचंही फार मागे नाही. देश वर्षाला सुमारे १३० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. ताज्या तेलाचा भाव दीडशे असताना त्यापासून बनवलेलं इंधन अठ्ठ्याहत्तरला कोण विकेल? वापरलेलं तेल घेतलं तरी ते गोळा करणं, गाळणं, त्यात मिथेनॉल घालणं, धुणं, वाळवणं, वाहतूक आणि १२ टक्के जीएसटी असतोच. तो भाव मला बसत नाही.

पण एक दुसरा हिशेब बसतो. डिझेलच्या लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क आज ३१ रुपये ८० पैसे आहे, त्यावर राज्याचा व्हॅट. जे द्रव डिझेल म्हणून विकलं जात नाही, त्याला हे दोन्ही लागत नाहीत. कारखान्यांसाठी आणलेलं हलकं खनिज तेल कुणी "बायो" नावानं टाकीत ओतलं, तर मधला सगळा कर विकणाऱ्याच्या खिशात. ट्रकवाल्याला वीस रुपये स्वस्त देऊनही त्याला बरंच उरतं.

२० ऑक्टोबर, बुधवार

बहीण यवतमाळच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिच्याकडे बाटली नेली. तिनं आधी नाकाशी धरली. "दादा, याला रॉकेलचा वास आहे." खऱ्या बायोडिझेलला कोमट गोड्या तेलासारखा मंद वास असतो, पण वासावर निकाल देणार नाही म्हणाली.

उंच काचेच्या नळीत तेल ओतलं, त्यात हायड्रोमीटर सोडला. आकडा आला ८२२, खोलीचं तापमान २७. पंधरा अंशाला आणून हिशेब केला तर ८३०च्या आसपास. बायोडिझेलसाठी भारतीय मानक आहे आयएस १५६०७. त्यात पंधरा अंशाला घनता ८६० ते ९०० हवी. ८३० ही तर सरळ डिझेलच्या जातीची घनता.

मग तिनं दुसरी परीक्षा केली. २७ मिलीलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलीलिटर नमुना. हातमोजे, खिडक्या उघड्या, मी दाराजवळ. मिथेनॉल विष आहे, डोळे घालवतं, जीव घेतं. शेतातल्या शेडमध्ये हे कुणी करून पाहू नये. पूर्ण रूपांतर झालेलं बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळून जातं, द्रव नितळ राहतो. कच्चं तेल उरलं असेल तर ते तळाशी बसतं. खनिज तेलही नीट विरघळत नाही. आमच्या नमुन्याचा बहुतेक भाग तळाशी बसला.

"म्हणजे काय आहे हे?" मी विचारलं.

"काय आहे ते मी सांगू शकत नाही. बायोडिझेल नाही, एवढं सांगते."

मग तिनं फळ्यावर लिहून दाखवलं. वनस्पती तेलाच्या एका रेणूत तीन मेदाम्लांच्या साखळ्या एका ग्लिसरिनला बांधलेल्या असतात. कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश टाकून मिथेनॉलसोबत गरम केलं की साखळ्या ग्लिसरिनपासून सुटतात आणि मिथेनॉलशी जुळतात. जाडसर तेल पातळ होतं. शंभर किलो तेलाला जवळपास शंभर किलो बायोडिझेल मिळतं आणि दहा किलोच्या आसपास ग्लिसरिन तळाशी बसतं. नुसतं गोडं तेल डिझेलमध्ये मिसळणं म्हणजे बायोडिझेल नव्हे. ते नोझलवर जळून काजळी धरतं, रिंगा चिकटतात.

हायवेवरचे ते ट्रक डोळ्यांपुढून जात नाहीत. त्या चालकांना मालक मोजून पैसे देतो, ते कुठंतरी वाचवायला बघतात. इंजिनाचा पंप गेला की खर्च त्यांच्याच अंगावर येतो.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

जिल्हाधिकारी कार्यालयात पुरवठा विभागात गेलो. बाटलीची गोष्ट सांगितली, ढाब्याची खूण लिहून दिली. कारवाई होते की नाही ते त्यांनी पाहावं, माझ्याकडून नोंद झाली.

तिथल्या एका बाबूंनी बसवून समजावलं. बायोडिझेल विकणं बंद नाही. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानं एप्रिल २०१९मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि राज्यानंही यंदा, २०२१मध्ये, उत्पादन-साठवण-विक्रीचं धोरण आणलं. विकायचं ते शंभर टक्के बायोडिझेल, म्हणजे बी-१००, आणि तेही डिझेलमध्ये मिसळण्यासाठी. आयएस १५६०७मध्ये बसणारं. विक्रेत्याची नोंदणी हवी, जागेवर तसा फलक हवा. टँकर उभा करून, नावाशिवाय जे चालतं ते जीवनावश्यक वस्तू कायद्यात येतं.

"ग्राहकानं काय मागावं?" मी विचारलं.

"बिल मागा. बॅचचं चाचणी प्रमाणपत्र मागा. देत नसला तर निघून या."

माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर असं अधिकृत ठिकाण नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका उत्पादकाचा पत्ता मिळाला.

आपल्या साध्या पंपावरच्या डिझेलबद्दलही आज कळलं. डिझेलच्या मानकात, आयएस १४६०मध्ये, सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुळातच मुभा आहे. १० ऑगस्ट २०१५ला दिल्ली, विशाखापट्टणम, विजयवाडा आणि हल्दियाच्या काही पंपांवर पाच टक्के मिश्रण विकायला सुरुवातही झाली होती. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३०पर्यंत पाच टक्के मिश्रण गाठायचं ठरलं आहे. आज आपण एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली आहोत. इथेनॉलचं काम साखर कारखान्यांमुळे पुढे गेलं. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याला तसा कारखाना मिळाला नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

आज गाडी उभी. बांधावर फिरलो.

उत्तरेच्या बांधावर अजून मोगली एरंडाची झुडपं आहेत. बाबांनी लावलेली. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला ते आपल्याकडे आधीपासूनच असायचं, पण २००३नंतर त्याला एकाएकी महत्त्व आलं. नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला, देशभर एक कोटी हेक्टरांहून जास्त पडीक जमिनीवर हे झाड लावून डिझेलची तूट भरून काढायची. रोपं वाटली गेली, कृषी मेळाव्यांत त्याच्यावर भाषणं झाली. बाबा हुशार शेतकरी, त्यांनी जमीन दिली नाही, फक्त बांध दिला.

झाड जगलं. पण बी धरलं नाही. पडीक जमिनीत, पाण्याविना, खताविना झाड जगतं हे खरं. पण जगणं वेगळं आणि झाडाला भरघोस बी लागणं वेगळं. जे थोडंफार येतं ते एकाच वेळी पिकत नाही. आठ दिवसांनी पुन्हा पुन्हा वेचायला यायचं, तेही कापूस वेचणीच्या हंगामात, जेव्हा गावात मजूर मिळत नाही. पेंड विषारी, गुरांना चालत नाही. लहान मुलांनी बिया खाल्ल्या तर उलट्या होऊन दवाखाना गाठावा लागतो, असं पावसाळ्यानंतर कुठं ना कुठं घडतंच. आणि भाव? तेल कंपन्यांनी १ जानेवारी २००६पासून बायोडिझेल पंचवीस रुपये लिटरनं घ्यायचं ठरवलं. बनवायलाच त्याहून जास्त खर्च येत होता. विकायला कोण येणार? नंतर २००९च्या धोरणानं २०१७पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं, तेही कागदावर राहिलं.

मला या योजनेचा राग येतो. कारण तिनं एका चांगल्या कल्पनेला वाईट नाव दिलं. आजही गावात बायोडिझेल म्हटलं की जुनी माणसं म्हणतात, "ते मोगली एरंडाचं न? ते झालं."

खरं तर आपल्याकडे लावायची गरज नव्हती अशी झाडं होती. करंज. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, सावलीसाठी लावलेली. त्याच्या बीतून वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तेल निघतं, कडू, खायला अयोग्य, म्हणून माणसाच्या ताटाशी स्पर्धा नाही. बाबा फवारणीत करंजाचं तेल वापरायचे. शेंगा उन्हाळ्यात पडतात, तेव्हा शेतात काम कमी असतं. आज त्या बिया पायाखाली चुरडल्या जातात. रस्ता चौपदरी करताना किती करंज तुटले हे तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मोह. घाटंजी-केळापूरच्या जंगलपट्टीत मोहाच्या बीचंही तेल निघतं. प्रयोगशाळांनी त्यापासून बायोडिझेल केलंय. त्यात मुक्त आम्लं जास्त असतात, म्हणून आधी आम्लाची एक वेगळी पायरी करावी लागते, एवढाच फरक. पण ते माझ्या टाकीत यावं असं मला वाटत नाही. कोलाम, गोंड घरांमध्ये ते तेल खाण्यात आहे, अंगाला लावण्यात आहे, दिव्यात आहे. गाडीनं त्याला हात लावू नये.

२७ ऑक्टोबर, बुधवार

आर्णी नाक्याजवळच्या मिस्त्रीकडे गाडी दाखवली. या माणसाला इंजिन ऐकू येतं. ढाब्यावरच्या तेलाची गोष्ट सांगताच त्यानं कोपऱ्यातले खोललेले पंप दाखवले. प्लंजर घासलेले, नोझल गळणारे. "हे सारे त्याच तेलाचे," म्हणाला. "हलक्या तेलाले वंगन नसते. पंप आपल्याच डिझेलनं भिजते, तेच कोरडं असन तर काय होईन?"

खऱ्या बायोडिझेलचं वंगण मात्र चांगलं असतं, हे त्यालाही माहीत होतं. गंधक कमी केलेल्या डिझेलला त्याचा फायदाच होतो. काळजी दुसरीकडे घ्यायची. त्यानं सांगितलेलं लिहून ठेवतो.

जुन्या गाडीच्या टाकीत, नळ्यांत वर्षांचा गाळ बसलेला असतो. बायोडिझेल तो सोडवतं आणि फिल्टरकडे नेतं. म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलायचा, एक जवळ ठेवायचा. साध्या रबराच्या होस फुगतात, मऊ पडतात. त्या बदलून व्हायटॉनच्या घालायच्या. पितळ, तांबं, जस्त यांच्या संगतीत हे तेल लवकर खराब होतं, तेव्हा साठवायला जस्ताचा डबा नको, जाड प्लॅस्टिकचा कॅन चांगला. पाणी ओढून घेतं, झाकण घट्ट हवं. सहा महिन्यांवर ठेवायचं नाही.

"किती टाकू?"

"पाचात एक. त्याच्यावर जाऊ नका. अन् तुमची जुनी गाडी हाय म्हनून हे सांगतो. नवीन बीएस-६वाल्याले मी नाही म्हन्तो."

बीएस-६ गाड्यांत कॉमन रेल, धूर गाळणारा फिल्टर आणि सेन्सर असतात, त्यांचं पुस्तक जे सांगेल तेवढंच. आमच्या गाडीला यातलं काही नाही. मेकॅनिकल पंप आहे आणि तो दुरुस्त करणारा माणूस वीस किलोमीटरवर आहे.

होस बदलायला टाकल्या.

३० ऑक्टोबर, शनिवार

दत्त चौकातून येताना एका ओळखीच्या गाडीवर आलूबोंडे घेतले. कढईतलं तेल काळंभोर होतं. विचारलं, हे टाकता कुठं?

टाकत नाहीत. रोज त्यात नवीन तेल घालतात. अगदीच फेस यायला लागला की डब्यात काढतात, आणि एक माणूस येऊन विकत नेतो. तो साबणवाल्यांना देतो असं म्हणतात. पण बोंडेवाल्यानंच हळू आवाजात सांगितलं की मोठ्या किचनचं वापरलेलं तेल स्वस्तात घेऊन छोट्या गाड्यांवाले परत कढईत ओततात. तेल महागल्यापासून हे वाढलं आहे.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तळताना तेलात जी ध्रुवीय संयुगं तयार होतात ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. १ जुलै २०१८पासून लागू. त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीमही सुरू झाली. दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीची निविदा काढली, पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये भाव ठरवून.

आमचा बोंडेवाला पन्नास लिटर वापरत नाही. तो कोणत्याच वहीत नाही. आणि त्याच्या कढईतलं तेल गावाहून बाजाराला आलेल्या माणसाच्या, शाळेच्या पोराच्या पोटात जातं.

बायोडिझेलच्या सगळ्या वाटांमध्ये मला ही वाट सगळ्यात खरी वाटते. यात शेत जात नाही, ताटातलं तेल जात नाही. जे पोटात जायला नको तेच टाकीत जातं.

४ नोव्हेंबर, गुरुवार, लक्ष्मीपूजन

काल रात्री बातमी आली, आज पहाटेपासून डिझेलवरचं केंद्राचं शुल्क दहा रुपयांनी कमी. ३१.८०चं २१.८० झालं. व्हॅटही त्या प्रमाणात उतरला. मुंबईत १०६.६२चं ९४.१४ झालं, आपल्याकडे त्र्याण्णवच्या आसपास. गावात सगळे खूश, मीही.

पूजेनंतर उत्पादकाला फोन केला. बी-१००चा भाव करासह एक्क्याण्णव. म्हणजे पाचात एक टाकलं तर लिटरमागे चाळीस पैसे वाचतात. पण बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा आठेक टक्के कमी असते. वीस टक्के मिश्रणात दीड टक्क्याचा फटका, म्हणजे सव्वा-दीड रुपया. आज खरं बायोडिझेल घेणं तोट्याचं आहे. लिटरला रुपयाभर.

बहीण म्हणाली, "मग कशाला?"

तिला सांगितलं ते इथंही लिहितो. इंजिनाच्या धुरातली काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड यानं कमी होतात. नायट्रोजनची ऑक्साइडं किंचित वाढू शकतात, तेही मान्य. पंपाला वंगण मिळतं. आणि हा भाव कायमचा नाही. कच्चं तेल पुन्हा चढलं की सगळे परत त्या ढाब्यामागच्या टाकीकडे धावतील. तेव्हा खरं इंधन कुठं मिळतं, कसं ओळखायचं, किती टाकायचं, हे गावात कुणाला तरी ठाऊक असायला हवं. रुपयाभर तोट्यात हे शिकून होत असेल तर मी तो सोसतो.

१० ऑगस्टला जैवइंधन दिन साजरा होतो, त्या दिवशी रुडॉल्फ डिझेलनं शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं असं सगळीकडे छापून येतं. १० ऑगस्ट १८९३ला ऑग्सबुर्गमध्ये त्याच्या इंजिनात इंधनानं पहिल्यांदा पेट घेतला हे खरं, पण शेंगदाण्याचं तेल तिथं नव्हतं. ते आलं १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून, एका फ्रेंच कंपनीच्या छोट्या डिझेल इंजिनात. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग पिकतो, तिथं कोळसा-पेट्रोल न नेता यंत्रं चालावीत, हा त्यामागचा विचार. म्हणजे हे इंजिन जन्मल्यावर सातच वर्षांत कुणाला तरी सुचलं होतं की जिथं बी पिकतं तिथलंच तेल यंत्राला चालावं. तेव्हा ते वसाहतीच्या मालकाच्या सोयीसाठी होतं. आता शेतकऱ्याच्या सोयीसाठी व्हायला काय हरकत आहे?

९ नोव्हेंबर, मंगळवार

संपामुळे एसटीची आगारं बंद पडली आहेत. जोडमोह्याच्या थांब्यावर बायाबापड्या उभ्या असतात, पिकअप दिसली की हात करतात. मालाच्या गाडीत माणसं बसवणं धोक्याचं, तरी म्हातारी माणसं पाहून पुढच्या सीटवर जागा दिलीच.

भाजीचं भाडं घेऊन शेजारच्या जिल्ह्यात गेलो, परतताना उत्पादकाकडे. फलक होता. आत वापरलेल्या तेलाच्या टाक्या, गाळण्या, धुण्याच्या उभ्या टाक्या. गरम तेलाचा वास, तो बहिणीनं सांगितलेला. मालक तरुण, स्वतः फिरून दाखवलं. कच्चा माल बहुतेक हॉटेलांचं आणि नमकीन कारखान्यांचं वापरलेलं तेल. कधी पाम तेलाच्या कारखान्यातला उरलेला भाग.

मी न मागताच त्यानं बॅचचा कागद समोर ठेवला. एस्टरचं प्रमाण ९६.५ टक्क्यांच्या वर हवं, होतं. पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, होतं. आम्लांक ०.५०च्या आत, पेट घेण्याचं तापमान १०१ अंशांच्या वर. घनता ८७८. मी माझ्याजवळच्या हायड्रोमीटरनं तपासली, तापमानाचा हिशेब लावून जुळली. त्यानं हरकत घेतली नाही. उलट म्हणाला, "सगळ्यांनी असं तपासलं तर आमच्यासारख्यांचा धंदा वाढेल."

त्याची अडचण वेगळीच होती. गिऱ्हाईक आहे, माल नाही. वापरलेलं तेल लांबून आणावं लागतं. यवतमाळसारख्या शहरांतून छोट्या गाड्यांवरचं तेल गोळा करायला गाडी पाठवली तर भाड्यातच पैसे जातात. एका ठिकाणी दोन लिटर, दुसऱ्या ठिकाणी पाच.

मी म्हणालो, माझी गाडी एका बाजूनं रिकामी असते.

तो क्षणभर थांबला आणि कागद काढला. तेल गोळा करणाऱ्याची नोंदणी लागते, प्रत्येक डब्याची पावती लागते, कुणाकडून किती घेतलं त्याची वही लागते. नाहीतर तेच तेल मध्येच कुठंतरी कढईत परत जातं. अटी कडक आहेत आणि तशाच असाव्यात.

पक्कं बिल करून दोन कॅन घेतले.

१४ नोव्हेंबर, रविवार

टाकीत आधी डिझेल, मग वरून बायोडिझेल, म्हणजे आपोआप मिसळतं. बायोडिझेल जड असतं, उलट केलं तर तळाशी बसून राहण्याची भीती. वरची पातळी खुणेनं मोजली.

घाटंजीला कापसाच्या गाठोड्यांची खेप मारली. यंदा कापूस आठ हजारांवर आहे, हमीभाव ६,०२५. घरात बरं वातावरण आहे. चढावर गाडीनं ओढ कमी केली नाही. आवाज थोडा मऊ वाटला, पण मनाला वाटलेलं आणि खरं यात फरक असू शकतो, म्हणून फक्त लिहून ठेवतो. मागच्या गाडीवाल्यानं धूर कमी म्हटलं, त्याला मी काही सांगितलं नव्हतं. फिल्टर मिस्त्रीच्या सांगण्यावरून उघडून पाहिला, तळाशी तपकिरी गाळ होताच. नवा बसवला.

२१ नोव्हेंबर, रविवार

पहाटे गार होतं. शेडमधल्या कॅनमध्ये तळाशी धुरकट पांढरं दिसलं. हे पाम तेलाच्या भागामुळे. त्यातली संपृक्त मेदाम्लं थंडीत आधी गोठतात, पंधरा अंशाच्या आसपासच ढग धरायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो. ऊन लागल्यावर ढग गेला. पण त्या दिवसांत पाचात एक नाही, दहात एक टाकायचं ठरवलं, आणि उत्पादकाला सांगितलं की हिवाळ्यात पाम नसलेली बॅच द्या. तो म्हणाला, सोयाबीनच्या तेलात तळणाऱ्यांचं तेल जास्त मिळालं तर देतो. यवतमाळात बहुतेक गाड्यांवर सोयाबीनचंच तेल असतं.

काका आले होते. अठ्ठ्याहत्तरचं काय झालं विचारत होते. बहिणीनं दिलेली बाटली दाखवली, मिथेनॉलच्या तळाशी बसलेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "ट्रॅक्टरमंदी टाकून चुकलो बापा."

त्यांच्या ट्रॅक्टरचा फिल्टर उद्या मिस्त्रीकडे दाखवायचा आहे. टाकी पूर्ण रिकामी करून.

२८ नोव्हेंबर, रविवार

नोंदणीचा अर्ज भरला. दत्त चौकातला बोंडेवाला, बसस्थानकाजवळचे दोन समोसेवाले आणि एक खानावळ तेल द्यायला तयार आहेत. तेल नेणाऱ्या त्या माणसाहून लिटरमागे थोडा जास्त भाव मी देऊ शकतो, कारण गाडी तशीही तिकडे जाते. बोंडेवाल्यानं एक अट घातली, आठवड्याला ठरलेल्या दिवशी यायचं, नाहीतर डबा भरला की तो पुन्हा कढईत जाईल. बरोबर आहे त्याचं.

बहीण ध्रुवीय संयुगं मोजायच्या पट्ट्या मागवणार आहे. तिच्या वर्गातल्या मुलांना प्रकल्पही होईल.

सोमवारी: कॅनवर नाव आणि तारीख रंगवायला ब्रश, पावतीपुस्तक, गाळायला जाड कापड, मिस्त्रीकडे काकांचा ट्रॅक्टर. मंगळवारी भाजीची खेप, जाताना डबे.